रोजची डोकेदुखी, रोजची गोळी : निदानातील या चुका टाळा

अर्धशिशी असलेल्या माणसाचे डोके हळूहळू रोजच दुखू लागले, की पहिला संशय पित्तावर जातो, मग चष्म्याच्या नंबरावर, मग सायनसवर. दुखणे थांबावे म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळीवर तो क्वचितच जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गोळ्या मोजणे आणि दिवस न मोजणे. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातील १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यांतील किमान ८ दिवस ते अर्धशिशीचे असेल, तर ती जुनाट अर्धशिशी होय. याच काळात नुसते पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यातून १५ दिवस, अथवा ट्रिप्टान, अर्गोटामिन (ही दोन्ही खास अर्धशिशीची औषधे), ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक) किंवा कॅफिनयुक्त संयुक्त (एकाहून अधिक औषधांची) गोळी १० दिवस घेतली जात असेल, तर तो औषधांचा अतिवापर ठरतो, आणि त्यानेच डोके दुखत राहू शकते. त्यामुळे ‘मी तर एकच घेते’ असे म्हणत दिवसाआड संयुक्त गोळी घेणारी व्यक्ती केव्हाच मर्यादा ओलांडून गेलेली असते.

डॉक्टरांना सांगताना आडवे पाडणारे चार-पाच दिवस तेवढे आठवतात आणि मंद ठणक्याचे दिवस गळून जातात. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच नोंद ठेवावी : डोके दुखले त्या तारखेला टिंब, अंथरूण धरावे लागले तर फुली, आणि शेजारी औषधाचे नाव, मग ते गुडघ्यासाठी का घेतलेले असेना. दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्यांची पाकिटेही सोबत न्यावीत. त्यांवरील घटक वाचल्याशिवाय निदान अपुरे राहते.

‘सगळे गोळ्यांमुळेच’ असे मानणे हीसुद्धा चूकच आहे, कारण जुनाट अर्धशिशी आणि औषधांचा अतिवापर ही दोन्ही निदाने एकाच वेळी लागू होऊ शकतात आणि मूळ अर्धशिशीवर प्रतिबंधक उपचार (दुखणे उठूच नये म्हणून नियमित घ्यायचे औषध) लागतातच. त्यांचा गुण दिसायला साधारण दोन-तीन महिने जातात. पंधरवड्यात औषध सोडणाऱ्यांविषयी मला खरोखर हळहळ वाटते. वेदनाशामक बंद केल्यावर पहिले २ ते १० दिवस दुखणे वाढू शकते. ओपिऑइड मात्र स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नये.

अचानक उठलेली अतितीव्र डोकेदुखी, ताप आणि मानेचा ताठरपणा, हातापायातील अशक्तपणा, बोलण्यातील अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास नोंदवहीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर तपासून घ्यावी.