नाण्यांवरचा हिरवट थर आणि नवी नोंदवही

संग्रहातील तांब्याच्या काही नाण्यांवर हिरवट, चिकट थर दिसू लागला, तेव्हा त्याचे मूळ मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत असल्याचे लक्षात आले. या प्लास्टिकमधून कालांतराने सुटणारे आम्ल धातूला खाते. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, अजिबात न घासता, नाणी बुडवून ठेवल्यावर थर निघाला (अ‍ॅसिटोन चटकन पेट घेते, त्यामुळे खोली हवेशीर हवी), आणि मग ती पॉलिस्टरच्या पाकिटांत ठेवली.

नाणी बाहेर होतीच, म्हणून वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत, प्लास्टिकच्या कॅलिपरने व्यास, टांकसाळीची खूण आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे नव्या नोंदवहीत नोंदवून घेतली. नोंदवहीतला नाण्याचा अनुक्रमांक मात्र देशावरून किंवा सालावरून बांधू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण नाण्याची ओळख पुढे बदलली तरी त्याचा क्रमांक बदलता कामा नये.