सोलापूरचा कूलर सोलापुरातच राहू द्या

बदली होऊन किंवा निवृत्तीनंतर घर बांधून रत्नागिरी, गुहागर, दापोलीकडे येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: एसी किती टनाचा घेऊ? मीही मूळचा सोलापूरचा, त्यामुळे प्रश्नामागची धास्ती ओळखीची आहे. तिकडे बेचाळीस अंश सोसलेला माणूस इथले चौतीस ऐकून आधी हसतो आणि दुपारचं जेवण होईपर्यंत त्याचा सदरा पिळायच्या लायकीचा होतो.

कूलर टेम्पोत चढवूच नका. तो हवेत पाणी मुरवून गारवा देतो. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली. तिच्यात आणखी काय मुरणार? दोन दिवसांत गादीला कुबट वास येतो. रूम हीटरही नको. थंडीत पहाटे एक जाड चादर आणि आंघोळीला गीझर, संपलं. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीसाठी जादा पैसे मोजायचं काही कारण नाही.

आता टनाचं. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. दुकानदार सांगतो, “कोकणात उकाडा फार, दोन टन घ्या.” ऐकू नका. इथे एसीला दोन कामं असतात: हवा गार करायची आणि तिच्यातलं पाणी काढायचं. जीव घाबरा होतो तो दुसरं काम नीट झालं नाही म्हणून. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटक्यात गार करतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. आतली कॉइल, म्हणजे गार नळ्यांची जाळी, बराच वेळ थंड राहिली तरच पाणी निथळून नळीतून बाहेर पडतं. कॉम्प्रेसर थांबला तरी आतला पंखा चालूच असतो, आणि कॉइलवरच्या थेंबांची वाफ होऊन ती पुन्हा खोलीत येते. अंग गार, चादर ओलसर. मग माणूस रिमोटवर अठरा करतो आणि वैतागतो. मे महिन्यात रात्रभर एसी चालवूनही बाहेरच्या नळीखालची बादली जवळजवळ कोरडी असेल, तर नळी तुंबली नाही ना ते आधी पाहा. नसेल, तर यंत्र खोलीला मोठं झालंय असं समजा.

दहा बाय बाराची झोपायची खोली, वर आणखी मजला, भिंतीला माडांची सावली असेल, तर एक टन पुरतो. डोक्यावर थेट तापणारा स्लॅब आणि पश्चिमेला खिडकी असेल तर दीड. दोनपेक्षा जास्त माणसं झोपणार असतील तर प्रत्येक जादा माणसामागे सहाशे बीटीयू वाढवा. पण टन वाढवण्याआधी स्लॅबला पांढरा रंग मारा, पश्चिमेच्या खिडकीवर पत्र्याची का होईना पडवी काढा. इन्व्हर्टर एसीच घ्या. भार कमी झाला की तो बंद न पडता मंद चालत राहतो, आणि पाणी काढायला तेच हवं.

चिऱ्याच्या भिंतींचं कौलारू घर असेल तर हिशेबच वेगळा. कौलांच्या फटींतून आणि भिंतीच्या माथ्यावरून हवा सारखी खेळते, म्हणजे एसी लावून तुम्ही अंगण गार करणार. एकाच खोलीला खालून छत घालून ती बंद करा. बाकी घराला पंखे आणि दुपारचे खारे वारे पुरतात. हे वारे उशिरा सुटले आणि पूर्वेकडचा कोरडा झोत आला की पारा चढतो, आणि हे मेपेक्षा मार्चमध्ये जास्त होतं. मात्र तेव्हा घाम वाळतो, त्यामुळे आपल्यासारख्यांना ते दिवस उलट सोपे जातात.

बाहेरचं युनिट समुद्राकडे तोंड करून बसवू नका. कॉइल तांब्याची, वर गंजरोधक लेप असलेली मागा, आणि अधूनमधून वीज बंद करून ती गोड्या पाण्याने धुवा. खारी हवा कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा भुगा करते.

एसी घेण्याआधी महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे, ते बघून घ्या. खिडक्या कायमच्या बंद करून टाकू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती.

आणि जून लागला म्हणून एसीवर कापड टाकू नका. जुलैत तो ‘ड्राय’वर ठेवून, कपाटाची दारं सताड उघडी टाकून रोज थोडा वेळ चालवा. नाहीतर गणपतीला घालायचा रेशमी सदरा बुरशीचे ठिपके घेऊनच बाहेर येईल.