गरोदरपण, एचआयव्ही आणि खचलेलं मन: पूरक गोळ्या कशा घ्याव्यात

पूरक गोळ्या कमतरता भरून काढतात, नैराश्य बरं करत नाहीत. पण रक्त कमी असलं की थकवा, चिडचिड, कशातच लक्ष न लागणं सुरू होतं आणि ते थेट नैराश्यासारखंच दिसतं. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासा. ११ ग्रॅम/डेसिलिटरच्या खाली (दुसऱ्या तिमाहीत १०.५ च्या खाली) म्हणजे रक्तक्षय. एआरटीत (एचआयव्हीवरच्या रोजच्या औषधांत) झिडोव्हुडीन हे औषध असेल तर त्यानेही रक्त कमी होतं. बी-१२ आणि थायरॉइड याच वेळी तपासून घेता येतात.

रोजचं प्रमाण: लोह ३० ते ६० मिलिग्रॅम, फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम. पाकिटावर फसायला होतं. ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह ६० मिलिग्रॅमच असतं. रक्तक्षय असेल तर मात्रा डॉक्टर वाढवतील.

सगळ्यात जास्त चुका वेळेच्या होतात. लोह, कॅल्शियम, जस्त पोटात डोलुटेग्रावीर या एआरटीतल्या औषधाला चिकटतात, औषध रक्तात पोचत नाही आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) वाढू शकतो. डोलुटेग्रावीर या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. उदाहरणार्थ, डोलुटेग्रावीर सकाळी ८ ला, लोह ११ ला, कॅल्शियम रात्री. हे जमत नसेल तर लोह किंवा कॅल्शियम डोलुटेग्रावीरसोबत भरपेट जेवणाबरोबर चालतं. उपाशीपोटी मात्र नाही. मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅसिडिटीच्या औषधाला ही सूट नाही.

मन प्रसन्न ठेवणारी वनस्पती म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट अजिबात घेऊ नका. त्यामुळे एआरटीची रक्तातली पातळी घसरते.

जीवनसत्त्व 'अ'ची वेगळी गोळीही स्वतःहून नको. टांझानियात १९९५ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत त्यामुळे बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण वाढलं. त्याच चाचणीत बी, सी, ई घेणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली, पण त्या स्त्रिया एआरटीवर नव्हत्या. आज तेवढ्याच भरवशावर राहू नये.

उदासी दोन आठवडे टिकली तर नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरा प्रश्नावली भरून घ्या: गेल्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न. १३ किंवा जास्त गुण आले तर समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषध हवं. नैराश्यात एआरटीच्या गोळ्या चुकतात, हा धोका आईलाही आणि बाळालाही. एआरटीतल्या एफाविरेंझ किंवा डोलुटेग्रावीरनेही झोप आणि मन बिघडू शकतं. तसं वाटलं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा, बदल करता येतो. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' याखेरीज काहीही असेल, तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि तोवर कुणाला तरी सोबत ठेवा.