चादायेव वाचायला घेण्याआधी

चादायेवसारख्या रशियन विचारवंतांच्या राष्ट्रीय अस्मितेवर प्रबंध लिहायचं ठरवलं असेल, तर एक कळकळीची विनंती. 'पाश्चात्त्यवादी' (रशियानं युरोपच्या वाटेनं जावं म्हणणारे) आणि 'स्लाव्होफिल' (रशियाची स्वतःची वेगळी वाट आहे म्हणणारे) असा दोन रकान्यांचा तक्ता वहीत काढू नका. माझा सुरुवातीचा बराच काळ त्या तक्त्यानं खाल्ला. तो झटकन पाठ होतो, तोंडी परीक्षेत मार्कही मिळवून देतो. मूळ लेखन उघडलं की मात्र टिकत नाही.

इवान किरेयेव्स्की हा स्लाव्होफिलांचा अध्वर्यू. त्यानं 1830 मध्ये बर्लिनला हेगेलची व्याख्यानं ऐकली, म्युनिकला शेलिंगची. 1832 मध्ये नियतकालिक काढलं, तर नाव 'येव्रोपेयेत्स', म्हणजे 'युरोपीय'! दोन अंकांत सरकारनं ते बंद पाडलं.

उलट चादायेव, ज्याला पाश्चात्त्यवाद्यांच्या रकान्यात टाकतात. 1829 मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेलं त्याचं पहिलं 'तत्त्वज्ञानविषयक पत्र' 1836 साली 'तेलेस्कोप' या नियतकालिकात रशियनमधून आलं. रशिया ना पूर्वेचा ना पश्चिमेचा, जगाला त्यानं काहीच दिलं नाही, असा त्याचा सूर. झार निकोलस पहिल्यानं त्याला सरकारी हुकमानं वेडा ठरवलं, नियतकालिक बंद केलं, संपादक नादेझ्दिनला हद्दपार केलं. बहुतेक विद्यार्थी इथंच थांबतात. नंतरचं 'वेड्याचं समर्थन' वाचाच. तिथं तोच माणूस म्हणतो की डोळे मिटून देशावर प्रेम करणं मला जमत नाही, आणि इतिहासाचं ओझं नसणं हीच रशियाची संधी आहे. आता याला कुठल्या रकान्यात बसवाल?

माझ्या मते खरा पेच वर्गाचा आहे. झार पीटर द ग्रेटनं रशियाला युरोपीय वळण देणाऱ्या सुधारणा केल्या, त्यानंतर शिकलेला उमराव फ्रेंचमध्ये वाढला आणि भूदासांच्या, म्हणजे जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांच्या, श्रमावर जगला. आपण या लोकांचे कोण, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच छळत होता. स्लाव्होफिल कॉन्स्तान्तिन अक्साकोव्हनं शेतकऱ्यासारखी दाढी राखली, जुना रशियन पोशाख घातला. 1849 मध्ये सरकारनं उमरावांच्या दाढीवर बंदी आणली आणि त्याला ती काढावी लागली. शेतकऱ्याची दाढी तशीच राहिली. या एका हुकमावरून या माणसांची कोंडी जितकी कळते, तितकी दहा सारांश वाचूनही कळणार नाही.

सारांशांवर माझा राग आहेच. 'आधी गट पाठ करा, मूळ ग्रंथ नंतर' असं सांगणाऱ्या मार्गदर्शकाचं ऐकू नका.

रशियन येत नाही म्हणून मात्र घाबरू नका. चादायेवचं मूळच फ्रेंच आहे, आणि इंग्रजी भाषांतरांवर सुरुवात छान होते. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाला त्याची ही दोन लेखनं आणि किरेयेव्स्कीचा युरोपीय संस्कृतीवरचा 1852 चा निबंध पुरे. आपल्याच बुद्धिजीवी वर्गाची झाडाझडती घेणारा 1909 चा 'वेखी' हा सात लेखांचा संग्रह त्यानंतर हातात घ्या. तोही 1905 च्या क्रांतीचा इतिहास नीट वाचून झाल्यावरच, नाहीतर त्यातले लेखक बेर्द्यायेव आणि स्त्रुवे इतके का चिडलेत तेच कळत नाही.