गाडीचा प्रकाश-सेन्सर: तपासावा कसा, जपावा कसा

पावसाळ्यात चोर्ला घाटात भरदुपारी धुकं उतरलं, की हेडलाइट 'ऑटो'वर ठेवून निर्धास्त राहू नका. सेन्सर फक्त उजेड मोजतो, समोरचं किती दिसतंय ते त्याला कळत नाही. धुकं पांढरं, उजळ असतं, म्हणून त्याच्या लेखी लख्ख दिवसच असतो. पुढचे डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे दिवे, चालू असतात, पण बऱ्याच गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे दिवे लागत नाहीत. मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी दिसणार कशी? तिथे स्विच हातानेच लो बीमवर घ्या. उलट काणकोणच्या करमल घाटातल्या गर्द झाडीत दिवसाही दिवे लागले, तर तो बिघाड समजू नका.

आता सेन्सर शोधा. डॅशबोर्डवर काचेलगत छोटा काळा घुमट असतो, किंवा आरशामागे काचेला चिकटवलेली डबी. आतला फोटोडायोड पडणाऱ्या उजेडाच्या प्रमाणात विद्युतप्रवाह देतो. तो ठरावीक पातळीखाली गेला की दिवे लागतात.

तपासणी दिवसा, उघड्यावर करा. हँडब्रेक ओढा, इग्निशन चालू ठेवा, स्विच 'ऑटो'वर. डबी आरशामागे असेल तर आधी वायपर बंद करा, कारण पावसाचा सेन्सर बहुधा तिथेच असतो आणि वायपर अचानक फिरतो. मग जाड काळ्या कापडाने सेन्सर झाका. आरशामागचा असेल तर बाहेरून काचेवर. थोड्या सेकंदांत दिवे लागले पाहिजेत. कापड काढल्यावर ते जरा उशिराच विझतात. माडांच्या सावल्यांतून जाताना दिव्यांची उघडझाप होऊ नये, म्हणून ती मुद्दाम केलेली सोय आहे.

दिवे भरदिवसा उगाच लागत असतील, तर दोष बहुतेक वेळा झाकण्याचा असतो. डॅशबोर्डवरचं मॅट, मंगेशाची तसबीर, चवथीचा हार, फास्टॅग, यांतलं काही सेन्सरवर येत नाही ना, बघा. देव जरूर ठेवा, फक्त घुमटापासून वीतभर लांब.

सफाईला किंचित ओलं मायक्रोफायबर पुरे. डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश घुमटावर लावू नका, स्प्रे तर थेट मारूच नका. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारट थर बसतो, तेव्हा काच आतून-बाहेरून वरचेवर पुसा.

पुढची काच बदलताना मात्र मेस्त्रीजवळ उभे राहा. आरशामागचा सेन्सर काचेला पारदर्शक जेलच्या पट्टीने जोडलेला असतो. जुनी पट्टी परत लावली किंवा आत हवेचे बुडबुडे राहिले, तर विशेषतः पावसाचा सेन्सर चुकतो. नवी पट्टी मागा आणि गाडी ताब्यात घेण्याआधी वरची कापडाची तपासणी तिथेच करा.

इतकं करूनही दिवे लागत नसतील, तर फ्यूज बघून घ्या आणि गॅरेजात स्कॅनर लावून एरर कोड वाचायला सांगा. कोड पाहिल्याशिवाय नवा सेन्सर विकत घेऊ नका. पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडलेली असण्याची शक्यताही तेवढीच असते.