ओपन वॉटरनंतर लगेच ॲडव्हान्स्ड करू नका : स्कुबाच्या पायऱ्या कशा चढाव्यात

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोटीनं गेलात, पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली काढलीत, अंगठ्याची खूण करतानाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकलात. छान केलंत. पण त्या वेळी तुमच्या पाठीवरच्या टाकीची मान एका मालवणी पोरानं घट्ट धरलेली होती. किती खाली जायचं, जाकिटात हवा कधी भरायची, कधी सोडायची, हे सगळं त्यानंच ठरवलं. तुमच्याकडे फक्त श्वास घ्यायचं काम होतं. याला ट्राय डायव्ह किंवा डिस्कव्हर स्कुबा म्हणतात आणि ही पायरी नव्हे, उंबरठा आहे. त्याचं मिळालेलं सर्टिफिकेट फ्रिजवर लावा. ते दाखवून जगात कुठेही तुम्हाला कुणी टाकी भाड्यानं देणार नाही.

खरंच शिकायचं असेल तर पुढचं वाचा.

पायरी 1 : संस्था नको, माणूस निवडा

स्कुबाचे कोर्स आणि कार्डं देणाऱ्या संस्थांत पॅडी बरी की एसएसआय, हा प्रश्न मला महिन्यातून चारदा येतो. पॅडी 1966 ची, एसएसआय 1970 ची, नाउई आणि युरोपातली सीमास त्याहून जुन्या. पहिल्या पातळीचं शिक्षण सगळीकडे जवळपास एकच, आणि एकीचं कार्ड दुसरीच्या दुकानात चालतं. विचारायचंच असेल तर एवढं विचारा : एका शिक्षकामागे पाण्यात किती जण? चाराच्या वर आकडा आला तर मी दुसरीकडे जाईन. नियम जास्त मुलांना परवानगी देतो, हे माहीत असूनही जाईन.

पायरी 2 : ओपन वॉटर

पहिल्या पातळीचा, तीन-चार दिवसांचा कोर्स. थोडी थिअरी, पोहण्याच्या तलावातले धडे, मग समुद्रात चार डायव्ह. वय किमान 10. न थांबता 200 मीटर पोहायचं, वेळेची अट नाही, आणि दहा मिनिटं तरंगायचं. कार्डावर मर्यादा 18 मीटरची. तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात होतो, अंदमानात होतो, पुदुच्चेरीत होतो, कर्नाटकात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जाणारे करून देतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सगळं बंद असतं.

मेडिकल फॉर्मवर खोटं लिहू नका. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन यांतलं काही असेल तर डॉक्टरांची सही आणा. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. कान दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधी, दर मीटरला मोकळे करा. पाण्याखाली मास्क काढायची भीती वाटत असेल तर घरी बालदीत तोंड बुडवून, नाक न दाबता, नुसत्या स्नॉर्कलनं श्वास घ्या. रोज पाच मिनिटं. आठवड्यात भीती जाते.

एक गोष्ट मात्र कोकणात कुणी सांगत नाही. डायव्हनंतर विमानात बसायच्या आधी थांबायचं असतं : एका डायव्हनंतर किमान 12 तास, बऱ्याच डायव्हनंतर किमान 18. आणि ही अट विमानापुरती नाही, साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीला ती लागू होते. आंबोली 700 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे दुपारी तिसरा डायव्ह मारून संध्याकाळी घाट चढून घरी, हा बेत चुकीचा. एक रात्र मालवणात राहा, सुरमई खा, सकाळी सावकाश निघा.

पायरी 3 : जिचं कार्ड मिळत नाही

इथे मी आपटले होते, म्हणून इथे जरा वेळ घेते.

ओपन वॉटर झालं की दुकानातला माणूस म्हणतो, आलाच आहात तर ॲडव्हान्स्डही करून टाका, दोन दिवसांचं तर काम. नियमात बसतं. चार डायव्ह झालेल्या माणसाला ॲडव्हान्स्डला बसवता येतं. मलाही अंदमानात हॅवलॉकला असंच बसवलं. बुधवारी पहिलं कार्ड आणि गुरुवारी सकाळी मी अठ्ठावीस मीटरवर. कमरेच्या पट्ट्यावर आठ किलो शिसं. का, तर आदल्या दिवशी मला खाली जाताना त्रास झाला होता, म्हणून कुणीतरी सरळ दोन वजनं वाढवली. मी अठ्ठावन्न किलोची, अंगात तीन मिलिमीटरचा सूट. मला चार किलो पुरतात, हे मला वर्षभरानंतर कळलं.

तळाशी सगळं ठीक वाटत होतं. जास्तीच्या चार किलोंना तोलायला मी जाकिटात, म्हणजे बीसीडीत, हवा भरत गेले आणि तरंगले. परत वर यायला लागल्यावर ती हवा फुगली. अठ्ठावीस मीटरवर दाब 3.8 बार, पाच मीटरवर 1.5. म्हणजे तीच हवा अडीचपट. मी घाबरून जोरात श्वास घेतला, म्हणजे छातीतही हवा भरली, आणि हवा सोडायच्या बटणाऐवजी भरायचं बटण दाबलं. फुस्स असा आवाज झाला आणि मी बाटलीच्या बुचासारखी वर गेले. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तो सेफ्टी स्टॉप मला नुसता जाताना दिसला. काही झालं नाही, हे नशीब. शिक्षकानं लॉगबुकात ‘गुड डायव्ह’ लिहून सही केली. नंतर कार्ड आलं, त्यावर तीस मीटर.

तर, वजन. ‘वजनाच्या दहा टक्के शिसं लावा’ हा सल्ला विसरा. बारीक आणि जाड माणूस सारखा तरंगत नाही, खाऱ्या पाण्यात आणि तलावात सारखं तरंगत नाही, जुना दबलेला सूट आणि नवा सूट सारखे नाहीत. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं यंत्र, घ्या, बीसीडी पूर्ण रिकामी करा, नेहमीएवढा श्वास घेऊन पाण्यात तरंगत स्थिर उभे राहा, पाय मारू नका. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. श्वास सोडलात की हळूच खाली जायला हवं. दगडासारखे गेलात तर एक किलो काढा आणि पुन्हा करा. ही चाचणी भरलेल्या टाकीवर केली असेल तर त्यात आणखी दोन किलो धरा, कारण नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी 200 बारवरून 50 वर येईपर्यंत सुमारे दोन किलो हवा गमावते. म्हणून मी चाचणी डायव्हच्या शेवटी, 50 बार उरलेले असताना करते. त्या वेळी शिक्षकाला जेवायची घाई असते. असू दे.

मग श्वास. वजन बरोबर असेल तर बटणाला क्वचितच हात लावावा लागतो, बाकी काम फुप्फुसं करतात. थोडा जास्त श्वास घेतला की वर, सोडला की खाली. पण लगेच नाही. दूध उतू जायला लागलं की आपण गॅस बारीक करतो, तरी ते दोन क्षण वर येतच राहतं ना? तसंच इथे. श्वास घेतल्यावर शरीर हलायला दोन-तीन सेकंद लागतात. नवखा माणूस तेवढ्यात अधीर होऊन बटण दाबतो. मग श्वास आणि बटण दोन्हींचा परिणाम एकदम येतो आणि तो वर जातो. घाबरून हवा सोडतो, तळाला आदळतो. पुन्हा बटण. असा जिना चढउतार करत अर्ध्या तासात टाकी संपवतो आणि वर येऊन म्हणतो, मला हवा जास्त लागते. हवा जास्त लागत नाही हो, तुम्ही बटणातून ती समुद्राला वाटलीत.

श्वासानं तोल सांभाळायचा म्हणजे श्वास कोंडून ठेवायचा नाही. घसा कायम उघडा हवा. कोंडलेल्या श्वासानं वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं, आणि त्याला तीस मीटर लागत नाहीत, दीड मीटरही पुरतं. या एका बाबतीत मी मुलांवर ओरडते.

आणि हा सराव उथळ पाण्यात करा. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो. वीसवरून तीसला जाताना तो तिनाचा चार होतो. म्हणजे सगळी चंचल हवा वरच्या दहा मीटरांत असते. खोल गेलं की कठीण, हा समज उलटा आहे. जवळपास रिकामी टाकी, पाच मीटर खोली, तीन मिनिटं, समोर धरायला दोर नाही, आणि खोलीचा आकडा अर्ध्या मीटरपेक्षा हलता कामा नये : ही खरी परीक्षा. मालवणच्या पाण्याला लोक नावं ठेवतात, उथळ आहे, गढूळ आहे. शिकायला मला त्याहून बरं पाणी माहीत नाही. चुकलात की लगेच कळतं.

हात छातीशी घडी घालून ठेवा. हातांनी वल्ही मारणारा माणूस तरंगत नसतो, बुडायचं टाळत असतो. गुडघे टेकून शिकवणाऱ्या शिक्षकाला विचारा, की समुद्रात मी गुडघे कशावर टेकू? प्रवाळावर? खडक बांधणारी प्रवाळं 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी.

असे वीस डायव्ह करा. वाटलं तर बॉयन्सीचा, म्हणजे तरंगण्याचा तोल शिकवणारा, छोटा स्पेशालिटी कोर्स करा. ॲडव्हान्स्डच्या आधी पैसे टाकावेत असा हा एकच.

पायरी 4 : ॲडव्हान्स्ड

पाच डायव्ह, परीक्षा नाही. खोल डायव्ह आणि होकायंत्रानं दिशा शोधणं सक्तीचं, बाकी तीन तुम्ही निवडा. रात्रीचा एक नक्की घ्या. मर्यादा 30 मीटर. तिथे डोकं थोडं चढल्यासारखं होतं, लाल रंग गायब होतो, आणि वेळ कमी मिळतो. पॅडीच्या तक्त्यात 18 मीटरवर पहिल्या डायव्हला 56 मिनिटं आहेत, 30 मीटरवर फक्त 20.

नावांचा एक घोळ लक्षात ठेवा. एसएसआयमध्ये पाच डायव्हच्या कार्डाला ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर म्हणतात. त्यांचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर हवं तर चार स्पेशालिटी आणि 24 डायव्ह लागतात. मला दुसरी पद्धत जास्त पटते, हे वरचं वाचून कळलंच असेल.

पायरी 5 : स्पेशालिटी

एकेका विषयाच्या या छोट्या कोर्सांची यादी मिठाईच्या दुकानासारखी असते, सगळंच घ्यावंसं वाटतं. नायट्रॉक्स घ्या. अर्ध्या दिवसाचं काम. टाकीत साध्या हवेतल्या 21 टक्क्यांऐवजी बहुतेक वेळा 32 टक्के ऑक्सिजन, त्यामुळे नायट्रोजन कमी आणि पाण्याखालचा वेळ जास्त. पण खोली वाढत नाही, उलट घटते. 32 टक्क्यांना 34 मीटरच्या खाली जायचं नाही, तिथून ऑक्सिजनच विषारी ठरू शकतो. टाकीवर चिकटवलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, ऑक्सिजन स्वतः मोजा, स्वतः लिहा.

डीप स्पेशालिटी 40 मीटरपर्यंत नेते. पन्नास डायव्ह होईपर्यंत थांबा. बुडालेल्या जहाजांची आवड असेल तर रेकचा कोर्स करा. गोव्यात ग्रँड आयलंडजवळचं सुझीज रेक उथळ आहे, तिथे बाहेरून फिरायला कोर्सही लागत नाही, पण आत शिरायचं तर शिकल्याशिवाय नाही. ड्रायसूटचा, म्हणजे थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणाऱ्या सूटचा, कोर्स आपल्याकडे निरुपयोगी. नॉर्वे-स्कॉटलंडला राहणाऱ्यांनी मात्र करावा. आइसलंडच्या सिल्फ्रा या भेगेत पाणी दोन ते चार अंश असतं. बोट डायव्हिंगची स्पेशालिटी कुणी मालवणात विकायला लागला तर हसा आणि बोटीत चढा.

पायरी 6 : रेस्क्यू

सगळ्यांत चांगला कोर्स आणि सगळ्यांत कमी लोक करतात. आधी प्रथमोपचार आणि सीपीआरचं शिक्षण हवं, गेल्या 24 महिन्यांतलं. दोन-तीन दिवस कुणीतरी घाबरल्याचं सोंग करून तुमच्या अंगावर चढत राहतं, मास्क ओढतं, आणि तुम्ही थकून जाता. यानंतर बोटीत बसल्याबसल्या कोण गप्प झालंय, कोण पट्टे पुन्हा पुन्हा तपासतंय, ते आपोआप दिसायला लागतं.

पायरी 7 : डायव्हमास्टर

इथून पुढे हौस संपते आणि धंदा सुरू होतो. वय 18, सुरुवातीला 40 डायव्ह, शेवटी 60. पोहण्याच्या चाचण्या आहेत, टाक्या उचलणं आहे, गिऱ्हाइकांचे सूट धुणं आहे. एक प्रकार असा आहे की पाण्याखाली दोघांनी मिळून एकच रेग्युलेटर आळीपाळीनं तोंडात घ्यायचा आणि तेवढ्यात एकमेकांची बीसीडी, मास्क आणि फिन्स अदलाबदल करायची. माझा जोडीदार सव्वासहा फुटी होता. त्याची बीसीडी माझ्या गुडघ्यापर्यंत आली, त्याचे फिन्स पायांतून निसटून तळाला गेले, आणि मास्कमध्ये पाणी भरलेलं. आंधळी, अनवाणी, तोंडात रेग्युलेटर एकाआड एक. पण तलावाच्या मध्यावर होते तिथेच होते. बटणाला हात लावला नव्हता.