टेक्सानमधून सिनेमातलं झीरो: मॉडेलला हात घालण्याआधीची तयारी

किट उघडण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. तुम्हाला 1941 चं खरं झीरो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान करायचंय, की 1968 साली सिनेमासाठी टेक्सान या अमेरिकन ट्रेनर विमानावरून घडवलेलं झीरो? खरं हवं असेल तर टामियाचा किट आणा, तो उत्तम आहे आणि त्यात फार डोकं घालावं लागत नाही. ही यादी दुसऱ्यासाठी आहे. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यावरचा सिनेमा ‘तोरा! तोरा! तोरा!’ (1970), त्यासाठी उडवता येतील अशी खरी झीरो मिळणं तेव्हा जवळपास अशक्य होतं. म्हणून कॅनडाच्या हवाई दलातून निघालेली हार्वर्ड, म्हणजे अमेरिकन टेक्सानचीच भावंडं, घेऊन त्यांची झीरो केली गेली. व्हल्टी बीटी-13 या दुसऱ्या अमेरिकन ट्रेनरवरून ‘व्हाल’ हे डाइव्ह बॉम्बर केलं, आणि टेक्सानचा पुढचा भाग व बीटी-13 ची शेपटी जोडून ‘केट’ हे टॉर्पेडो विमान. ही विमानं खरोखर उडाली, विमानवाहू जहाजाच्या डेकवरून उडाली. त्यांचं मॉडेल करताना आत दडलेलं ट्रेनर ओळखू येईल असं ठेवायचं. ते पुसलंत तर उरतं ते एक चुकीचं झीरो.

संदर्भ आधी जमवा. सिनेमा थांबवत थांबवत बघा आणि बाजूने, वरून, खालून अशी प्रत्येकी एक तरी स्वच्छ फ्रेम जपून ठेवा. यातली बरीच विमानं पुढे जुनी लढाऊ विमानं जपणाऱ्या अमेरिकेतल्या कमेमोरेटिव्ह एअर फोर्स या संस्थेकडे गेली आणि एअर शोमध्ये उडत राहिली, त्यामुळे जवळून काढलेले रंगीत फोटो भरपूर आहेत. पण एअर शोतल्या विमानांचे रंग आणि बारकावे पुढच्या काळात बदललेत. आकारासाठी ते फोटो वापरा, रंगासाठी सिनेमाच्या फ्रेमवरच विश्वास ठेवा. मूळ हार्वर्ड बघायचं तर फार लांब जायला नको. आपल्या हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी उड्डाणाचे धडे याच विमानावर गिरवले, आणि दलाच्या जपलेल्या जुन्या विमानांत हार्वर्ड आहे. दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या संग्रहालयासाठी एक सकाळ मोकळी ठेवा.

1:48 चा टेक्सान किट घ्या. सोबत झीरोचा एखादा जुना, स्वस्त किट असू द्या. त्यातले डेकल (चिकटवायची चिन्हं), काउलिंग (इंजिनावरचं आवरण) आणि कॅनॉपीच्या (वैमानिकावरच्या काचेच्या) मापाचा अंदाज कामी येतो. प्लास्टिक शीट, पुट्टी, 400 पासून 2000 पर्यंतचे सँडपेपर आणि बारीक करवत हाताशी हवी.

सगळ्यात जास्त वेळ पंखांसाठी राखून ठेवा. टेक्सानचा पंखविस्तार 12.8 मीटर, झीरोचा 12 मीटर. 1:48 मध्ये हे अनुक्रमे सुमारे 267 आणि 250 मिलीमीटर होतात, म्हणून पंख कापून ‘बरोबर’ करायचा मोह होतो. करू नका. सिनेमावाल्यांनी टोकं गोल केली, मूळ पंख टेक्सानचाच राहिला. त्याची पुढची कड मधल्या भागापासून बाहेर जाताना मागे झुकते आणि मागची जवळजवळ सरळ राहते. झीरोचा पंख असा नाही. विमान डोक्यावरून जातं तेव्हा जाणकार याच झुकलेल्या कडेवरून ओळखतो. टोकासाठी शीटचे तुकडे चिकटवा, वर पुट्टीचा पातळ थर द्या, रात्रभर वाळू द्या आणि मगच घासा. घाईने घासलेली पुट्टी आठवड्याभराने बसते आणि रंगाखाली खड्डा दिसतो.

कॅनॉपी हे दुसरं मोठं काम. टेक्सान दोघांचं विमान, त्यामुळे त्याची काच लांबलचक. सिनेमासाठी ती आखूड केली आणि मागचा भाग झाकला. काच कापण्याआधी तिच्यावर दोन्ही बाजूंनी टेप लावा, करवत न दाबता चालवा. तडा गेला तर दुसरी काच मिळणं कठीण.

चाकांना हात लावू नका. दोन्ही विमानांची चाकं आत मिटतात, पण टेक्सानच्या मुळाशी पंखाची पुढची कड चाकासाठी पुढे आलेली असते, ती तशीच हवी. शेपटीचं चाक झीरोचं आत जातं, टेक्सानचं बाहेरच असतं. नाकाचं मात्र फोटो बघून ठरवा. झीरोचं साकाए इंजिन दोन ओळींत 14 सिलिंडरचं, टेक्सानचं प्रॅट अँड व्हिटनी एका ओळीत 9 चं. काउलिंगच्या तोंडातून हा फरक सरळ दिसतो, म्हणून किटमधलं टेक्सानचं इंजिनच बसवा. धुराचे डाग ओढण्याआधी एक्झॉस्ट बघून घ्या. टेक्सानला तो एकच असतो, उजव्या बाजूला. सवयीने दोन्हीकडे काजळी ओढली की सगळी मेहनत वाया.

व्हाल करायचं असेल तर काम सोपं, कारण बीटी-13 चीही चाकं मिटत नाहीत. त्यांना आवरणं चढवा, पोटाखाली बॉम्ब लावा. केट पहिल्याच खेपेला घेऊ नका. दोन वेगळ्या विमानांचा सांधा सरळ रेषेत आणणं हे सराव झालेल्या हाताचं काम आहे.

रंग जून ते सप्टेंबर टाळा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळी हवेत लॅकर मारला की वर पांढुरकी झाक येते आणि ती पुसून जात नाही. फिकट राखाडी अंग, काळं काउलिंग. आकागी या जपानी विमानवाहू जहाजाचं विमान करत असाल तर अंगावरच्या लाल गोळ्यामागे एकच लाल पट्टा, कागा या दुसऱ्या जहाजाचं असेल तर दोन. रंग खरवडून विमान जुनं दाखवायची गरज नाही. ही विमानं नुकतीच रंगवून कॅमेऱ्यासमोर आणली होती.

डेक करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. सिनेमात आकागीच्या जागी अमेरिकेचं यॉर्कटाउन हे विमानवाहू जहाज उभं होतं. त्याचा मनोरा उजव्या बाजूला, खऱ्या आकागीचा डाव्या. आपल्या विमानाखाली यॉर्कटाउनचाच डेक हवा, मनोरा उजवीकडे. पाटीवर नाव घालताना ‘हार्वर्ड, 1968’ आधी लिहा, झीरो त्याच्या खाली.